बाँडच्या विमानावर कोणाचं नाव?

२००६चा ‘कॅसिनो रॉयल’ पाहिलाय ना? मग त्यातला मायामी विमानतळाचा सीन पुन्हा लावा. सिक्युरिटी चेकिंगमध्ये एक दाढीवाला माणूस क्षणभर दिसतो. तो म्हणजे व्हर्जिन अटलांटिक ही विमान कंपनी सुरू करणारा रिचर्ड ब्रॅन्सन!

खरी गंमत पुढे आहे. ब्रिटिश एअरवेजनं हाच सिनेमा आपल्या प्रवाशांना विमानात दाखवला, तेव्हा ब्रॅन्सनचा चेहरा कापला आणि व्हर्जिनच्या विमानाच्या शेपटीवरचं नावही झाकून टाकलं. आपल्याच विमानात स्पर्धकाची फुकट जाहिरात कोण करेल? त्याआधी, २००२च्या ‘डाय अनदर डे’मध्ये बाँड ब्रिटिश एअरवेजनंच लंडनला आला होता. त्या सिनेमात ब्रँड्सची एवढी गर्दी होती, की लोक त्याला ‘बाय अनदर डे’ म्हणून चिडवायचे.

या व्यवहारात दर वेळी रोख पैसेच दिले जातात असं नाही. कधी कंपनी शूटिंगसाठी आपल्या वस्तू किंवा गाड्या पुरवते, कधी स्वतःच्या जाहिरातींत हिरोला झळकवून सिनेमाचा गाजावाजा करते.

आता ‘कॅसिनो रॉयल’मधलंच दुसरं विमान आठवा. एका कंपनीचे शेअर कोसळावेत म्हणून व्हिलन तिचं नवंकोरं विमान उडवायला निघतो. त्या कंपनीचं नाव ‘स्कायफ्लीट’. तिकीट शोधायला जाऊ नका, अशी कंपनीच नाही! बाँबच्या सीनला आपलं नाव कोण देणार? पडद्यावरचं विमान मात्र खरं होतं. ब्रिटिश एअरवेजनं वापरून निवृत्त केलेलं ७४७ जम्बो, रूप पालटून उभं केलेलं.

म्हणजे हिरो आरामात बसतो ते विमान खऱ्या कंपनीचं आणि धोक्यातलं विमान खोट्या कंपनीचं. यूट्यूबवर जाहिरात आली की आपण लगेच ‘स्किप’ दाबतो. इथे ते बटणच नसतं. उलट तिकिटाचे पैसे आपणच मोजलेले असतात, आणि हिरो आवडला की त्याचं घड्याळ, गाडी, विमानही आवडायला लागतं.

सिनेमा एन्जॉय कराच. फक्त पुढच्या स्पाय थ्रिलरला ग्रुपमध्ये एक गेम खेळा: हिरोच्या हातात कुठले लोगो दिसले आणि स्फोटात कुठले उडाले, मोजा. दुसरी यादी बहुतेक कोरीच राहील.