जुनापाणीचे गोटे

दिवाळीच्या सुट्टीत जुन्या वास्तू पाहायला निघालेली मंडळी बहुधा वेरूळ-अजिंठ्याचा रस्ता धरतात. आमची मोटार मात्र तिवस्याहून पूर्वेला, नागपूरच्या दिशेने निघाली. गाडीत मी, सौ., दोन मुले आणि आई. पायांशी चिवड्याचा डबा.

वर्धा नदी ओलांडली आणि तळेगाव, कारंजा, कोंढाळी ही गावे एकामागून एक मागे पडली. दुतर्फा कपाशीची बोंडे फुटलेली, तूर फुलावर आलेली, बागांतून संत्र्यांना रंग चढलेला. आईने वाटेत थोडी संत्री घ्यायला लावली.

नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्याच्या बाजूला जुनापाणी आहे. येथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. उतरताच मुलांचे चेहरे पडले. ना शिखर, ना मूर्ती, ना खांब! माळावर मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि मध्ये गोट्यामातीची भर. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "काय पायता जी? हे त गोटे होय."

"बाबा, आजोबा बरोबर सांगताहेत," धाकटा म्हणाला.

मग त्या गोट्यांची कुळकथा सांगणे भागच पडले. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची ही दफनस्थाने. मृताबरोबर त्याची भांडी, हत्यारे ठेवायची, वर भर घालायची आणि भोवती धोंड्यांचे कडे करायचे, अशी त्यांची रीत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथील काही वर्तुळे उकरली व १८७९ साली त्यांची हकीकत छापली. पुढे १९६१च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले. येथे लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी मडकी निघाली. जवळच्या माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले, आणि याच जिल्ह्यातील नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी!

"घोड्याला दागिने?" धाकट्याचे डोळे मोठे झाले.

"पोळ्याला आपण बैल सजवतो ना, तसेच," सौ. म्हणाली.

एवढ्यात मुलीला एका धोंड्यावर वाटीसारखे लहान लहान खळगे दिसले. ते मुद्दाम कोरलेले आहेत. पण कशासाठी, याबद्दल विद्वानांचे एकमत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. "म्हणजे हे मसणच की रे!" असे म्हणून तिने चपला काढल्या आणि एक संत्रे धोंड्याच्या पायथ्याशी ठेवले. धोंड्यावर चढून बसलेला धाकटा कोणी न सांगता खाली उतरला.

विदर्भात अशी वर्तुळे ठिकठिकाणी आहेत. पण नांगराखाली, खाणींत आणि बांधकामांत कित्येक नाहीशी झाली. देवळाचा खांब कोणी उचलला तर सारा गाव गोळा होईल. माळावरचा गोटा नेला तर कोण विचारणार? या माणसांची नावे कधीच पुसली गेली. त्यांच्या जिवलगांनी मांडलेली एवढी खूण काय ती उरली आहे, आणि चार धोंडे हलले की तीही मोडते.

पावसाळ्यात तेथे गवत माजते. तेव्हा दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत जावे. सावली थोडी, म्हणून पाणी भरपूर न्यावे. आणि परतताना मुलांचे खिसे तपासावेत. तेथला एकही गोटा घरी येता कामा नये.