अमेरिकन फुटबॉलमधील हुलकावणीचे डाव

अमेरिकेंत ज्याला 'फुटबॉल' म्हणतात त्या खेळांत पायाचा आणि चेंडूचा संबंध फार थोडा येतो. चेंडू लंबगोल असतो. तो बहुधा कांखेंत दाबून पळावयाचें किंवा हातानें दूर फेंकावयाचा. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें. सरकला तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीं तर चेंडू हातचा जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं दोन्ही पक्षांच्या आघाडीच्या फळ्या अगदीं समोरासमोर ओणव्या होऊन बसतात. व्यावसायिक संघांत या फळीतील एकेक गडी आजकाल ३०० पौंडांच्या घरांत असतो. चेंडू हलतांच हे देह एकमेकांवर आदळतात, आणि दूरच्या प्रेक्षकाला तो सगळा प्रकार रेड्यांच्या टकरीसारखा वाटतो. पुष्कळदां तो तसा असतोहि. परंतु या खेळांत डावांचा एक वर्ग असा आहे कीं, त्यांत समोरच्याला ढकलावयाचें नसतें. त्यानें आपली जागा आपण होऊन सोडावी, एवढेंच साधावयाचें असतें.

हूल देणें हा प्रकार हुतुतू किंवा खो-खो पाहिलेल्या कोणालाहि नवा नाहीं. मात्र तेथें हूल एकट्या गड्याची असते. खांदा एकीकडे, पाऊल दुसरीकडे. येथें ती अकरा जणांनीं मिळून द्यावयाची असते, आणि एकानेंहि आपलें काम चुकविलें तर सगळें सोंग उघडें पडतें.

फसतो कोण, हें पाहण्यासारखें आहे. नवशिका गडी चेंडू शोधीत राहतो. त्याला फसविण्यांत कांहीं कौशल्य नाहीं. कसलेला बचावपटु चेंडूच्या मागें लागत नाहीं, कारण देहांच्या गर्दीत तो धड दिसतच नाहीं. फळीच्या मागें उभा असलेला लाइनबॅकर समोरच्या 'गार्ड' नांवाच्या गड्यावर दृष्टि ठेवतो. गार्ड सरळ पुढें आला तर धांव येथूनच होणार. तो मागें सरला तर चेंडू फेंकला जाणार. तो फळी सोडून आडवा धांवला तर चेंडूहि त्याच दिशेनें जाणार. हीं चिन्हें त्याच्याकडून इतक्या वेळां घोटून घेतलेलीं असतात कीं, विचार मनांत येण्यापूर्वींच पाय निघतात. हुलकावणीचा डाव या शिस्तीवरच उभारलेला असतो. जी भाषा त्याला शिकविली आहे त्याच भाषेंत त्याला खोटें सांगितलें जातें. जो जितका आज्ञाधारक, तो तितका दूर जातो.

यांतला सर्वांत साधा डाव म्हणजे 'ट्रॅप', अर्थात् सांपळा. प्रतिपक्षाच्या फळीतील एका दांडग्या गड्याला मुद्दाम कोणीच अडवीत नाहीं. वाट मोकळी सांपडली या आनंदांत तो दोन पावलें आंत शिरतो. तोंच दुसऱ्या बाजूचा गार्ड आडवा येऊन त्याला बरगडीच्या अंगानें धडक देतो, आणि त्यानें सोडलेल्या जागेंतून चेंडूवाला निघून जातो. समोरून जो हलला नसता तो बाजूनें सहज हलतो.

युक्तीची गरज प्रथम दुबळ्याला भासते. पेनसिल्व्हानियांतील कार्लाईल येथें १८७९ मध्यें अमेरिकन इंडियन मुलांसाठीं एक सरकारी शाळा निघाली. मुलांना घरापासून दूर आणून, केस कापून, स्वभाषा विसरावयास लावून त्यांना 'सुधारावें', हा तिचा हेतु. त्याविषयीं आज कोणी अभिमानानें बोलत नाहीं. या शाळेचा फुटबॉल संघ अंगापिंडानें लहान होता, पण त्याचे सामने होत ते थोरल्या विद्यापीठांशीं. पॉप वॉर्नर हा त्यांचा शिक्षक. १९०३ च्या ऑक्टोबरांत हार्वर्डविरुद्ध दुसऱ्या डावाच्या आरंभीं हार्वर्डनें मारलेला चेंडू झेलून कार्लाईलचे गडी एकत्र घोळक्यानें उभे राहिले, आणि घोळक्याच्या आड तो चेंडू चार्ल्स डिलन नांवाच्या गड्याच्या अंगरख्याखालीं, पाठीवर सरकविण्यांत आला. त्यासाठीं अंगरख्याच्या कडेला रबरी पट्टी आधींच शिवून घेतलेली होती. मग घोळका फुटला. जो तो आपली टोपी पोटाशीं धरून चेंडूवाल्याचें सोंग करीत धांवूं लागला. डिलन दोन्ही हात मोकळे हलवीत सरळ टोकापर्यंत गेला, आणि त्याच्या पाठींतून चेंडू निघाला तेव्हां कुठें हार्वर्डला उमगलें. कार्लाईलचे ११ गुण झाले, हार्वर्डचें अजून खातें उघडलें नव्हतें. सामना मात्र हार्वर्डनेंच १२-११ असा जिंकला. ती युक्ति एकदांच चालण्याजोगी होती, आणि पुढें नियमानेंहि ती बंद झाली.

टिकणारी हुलकावणी वेगळी. ती उघड होऊनहि पुन्हां चालली पाहिजे. याचें उत्तम उदाहरण म्हणजे 'काउंटर ट्रे'. वॉशिंग्टनच्या संघाचे शिक्षक जो गिब्ज यांनीं नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा खेळ पाहून हा डाव उचलला आणि १९८० नंतरच्या दशकांत तो नांवारूपास आणला. समजा, धांव उजवीकडे व्हावयाची आहे. चेंडू घेणारा गडी पहिलें पाऊल डावीकडे टाकतो. उजव्या बाजूची फळीहि डावीकडेच रेटा देते. प्रतिपक्षाचे डोळे आणि पाय डावीकडे वळतात. त्याच क्षणीं डाव्या बाजूचे दोन गडी, गार्ड आणि त्याच्या शेजारचा टॅकल, फळीच्या मागून उजवीकडे धांवत निघतात. पहिला कडेच्या रक्षकाला बाहेर लोटतो. दुसरा पडलेल्या खिंडारांत शिरून लाइनबॅकरला गांठतो. आणि चेंडूवाला वळून त्या दोघांच्या पाठोपाठ जातो. सोंग केवळ एका पावलाचें आहे, पण त्याच्या पाठीशीं सहाशें पौंडांचें बळ आहे. कार्लाईलच्या युक्तींत हें बळ नव्हतें.

३१ जानेवारी १९८८ रोजीं राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांत वॉशिंग्टनची गांठ डेन्व्हरशीं पडली. डेन्व्हरचे बचावपटु वजनानें हलके, पण अतिशय चपळ होते. समोरच्याला कळण्यापूर्वीं त्यांनीं जागा गांठलेली असे. त्यांच्याविरुद्ध वॉशिंग्टननें हाच डाव फिरून फिरून काढला. पहिल्या चुकीच्या पावलाकडे ते इतक्या त्वरेनें झेपावत कीं, परत फिरणें अशक्य होई. टिमी स्मिथ या तरुणानें, ज्याचा व्यावसायिक खेळांत आरंभापासून उतरण्याचा हा पहिलाच सामना होता, २०४ यार्डांची धांव केली. अजिंक्यपदाच्या सामन्यांत तेवढी धांव त्यापूर्वीं कोणीं केली नव्हती. निकाल ४२-१० लागला.

असा डाव फुकट मिळत नाहीं, हें सांगितलें पाहिजे. वळणाला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवकाशांत एखादा रक्षक आंत घुसला तर हातचे तीन-चार यार्ड गमवावे लागतात. शिवाय ज्या संघाला सरळ धांव नीट करतां येत नाहीं, त्याच्या हुलेला कोणी भीक घालीत नाहीं. डावीकडची खरी धांव चारदां बोंचलेली असेल, तरच पांचव्या वेळीं डावीकडचें पाऊल खरें वाटतें. म्हणून जाणते शिक्षक आधीं साधे डाव घटवितात. डेव्हिड नेल्सन यांनीं १९५० च्या सुमारास मेन व डेलावेअर विद्यापीठांत जी 'विंग-टी' पद्धति बसविली, तिचा गाभा हाच होता: प्रत्येक खऱ्या धांवेला तिच्यासारखाच दिसणारा एक खोटा जोडीदार. तेथें चेंडू न मिळालेल्या गड्यानेंहि हात पोटाशीं दुमडून पूर्ण वेगानें धांवावयाचें आणि अंगावर येणारा मार मुकाट्यानें सोसावयाचा. त्याच्या नांवावर एक यार्डहि लागत नाहीं; पण दोन रक्षक त्याच्यावर पडले म्हणजे त्याचें काम झालें.

बचावपक्षाचा उतारा एकच, आणि तो अवघड आहे. चेंडू ज्या बाजूनें दूर जातांना दिसतो त्या बाजूच्या शेवटल्या रक्षकानें पाठलागास निघावयाचें नाहीं. जागा धरून रहावयाचें. क्वार्टरबॅक चेंडू लपवून एकटाच उलट फिरतो काय, फळीतील गडी उलट येतात काय, आणि कडेचा धांवपटु उलट वळून चेंडू घेतो काय, हीं तीन भयें त्यानें क्रमानें निरसून घ्यावयाचीं, आणि मगच धांवावयाचें. हें सर्व एका श्वासांत करावयाचें असतें. आणि डाव खराच साधा निघाला, तर तेवढ्यांत चेंडूवाला पांच-सहा यार्ड पुढें गेलेला असतो.