फोन आपोआप रीस्टार्ट होतो, तेव्हा अ‍ॅपचे काय होते?

साधे अ‍ॅप बिघडले तर सहसा ते एकटेच बंद पडते. अख्खा फोन बंद पाडण्याची मुभा त्याला नसते. म्हणून फोन वारंवार रीस्टार्ट होत असेल, तर आधी संशय बॅटरीवर घ्यावा. जुनी बॅटरी कॅमेरा उघडताच लागणारी जास्तीची वीज देऊ शकत नाही आणि 30 टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. याच कारणाने 2017 च्या जानेवारीत अ‍ॅपलने आयओएस 10.2.1 मधून आयफोन 6 आणि 6एसच्या वेगावर मर्यादा आणली होती. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवावे.

अँड्रॉइडमध्ये फोन बंद होताच अ‍ॅपने लावून ठेवलेले गजर पुसले जातात. सुरू झाल्यावर अ‍ॅपला ते पुन्हा लावावे लागतात. शिवाय पिन टाकून फोन एकदा उघडेपर्यंत बहुतेक अ‍ॅपची माहिती कुलूपबंद असते. त्यामुळे रात्री रीस्टार्ट झालेल्या फोनवर औषधाची आठवण सकाळी न येणे शक्य आहे.

दोष अ‍ॅपचा वाटल्यास अँड्रॉइडचा सेफ मोड वापरावा. त्यात फोन घेतल्यानंतर टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. तिथे फोन शांत राहिला, तर अलीकडची अ‍ॅप एकेक करून काढावीत. एखादेच अ‍ॅप अडत असेल तर आधी फक्त कॅशे साफ करावी. ‘डेटा’ साफ केल्यास बॅकअप नसलेले सारे जाते. यूपीआय व्यवहाराच्या मध्येच फोन बंद पडला, तर खात्यातील नोंद पाहिल्याशिवाय पुन्हा पैसे पाठवू नयेत.