शुद्ध केलेलं विष जास्त विषारी असतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता: विष शुद्ध केलं तर ते जास्त विषारी होतं का? प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो, पण तो आधी ‘शुद्ध’ या शब्दाचा आहे. तेव्हा आम्ही तत्त्वज्ञानवाल्यांनी त्यात थोडी लुडबुड करायला हरकत नाही. उदाहरण घेऊ आर्सेनिकचं.

आपल्याला ते परकं नाही. सोमल हा त्याचा ऑक्साइड. हरताळ आणि मनशीळ ही त्याची गंधकाबरोबरची संयुगं. पोथीत चूक झाली की पिवळा हरताळ लावून अक्षर झाकत, तिथूनच ‘हरताळ फासणे’ आलं. मूलद्रव्य मात्र करडं, धातूसारखं चकाकणारं, आणि ठोकलं तर भुगा होणारं. नेहमीच्या दाबाला तापवलं तर ते वितळत नाही. 615 अंश सेल्सिअसच्या आसपास कापरासारखी त्याची थेट वाफ होते. हवेत जळताना लसणासारखा वास येतो आणि पांढरा धूर निघतो. तो धूर म्हणजे सोमलच.

आता शुद्धता. या धंद्यात ‘सहा नऊ’, ‘सात नऊ’ असं बोलतात. सहा नऊ म्हणजे 99.9999 टक्के, दहा लाख भागांत परका भाग फार तर एक. एवढं सोवळं कशासाठी? तर गॅलियम आर्सेनाइडसाठी. या स्फटिकात इलेक्ट्रॉन सिलिकॉनपेक्षा साधारण सहापट चपळ असतात, शिवाय तो विजेतून थेट प्रकाश देऊ शकतो. लेसर, मोबाइलमधले ॲम्प्लिफायर, उपग्रहांचे सौरघट यांत तो असतो. त्यात नको ते अणू शिरले, तर वीज कशी वाहायची हे तेच ठरवू लागतात.

आणि गंमत बघा. सिलिकॉनच्या चिपमध्ये हेच आर्सेनिक मुद्दाम ‘अशुद्धी’ म्हणून घालतात! सिलिकॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन चार, याचे पाच. उरलेला एक वीज वाहायला मोकळा. म्हणजे अशुद्धीसुद्धा शुद्ध लागते. कशासाठी शुद्ध, हे सांगितल्याशिवाय तो शब्द अर्धाच राहतो.

मग मूळ प्रश्नाचं काय? नव्व्याण्णव टक्के काय नि सहा नऊ काय, शरीराला फरक पडत नाही. फरक पडतो रूपाने. मूलद्रव्य पाण्यात विरघळत नाही. सोमल विरघळतो, म्हणून तो जास्त घातक. सगळ्यांत वाईट आर्साइन वायू: तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. गेलेन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ 1815 साली त्यानेच गेला.

पण म्हणून शुद्ध तुकडा हातात घ्यावा असं नाही हं. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तो निर्वात किंवा आर्गॉन भरलेल्या बंद काचनळीतच ठेवतात. नळीवरचे नऊ ग्राहकासाठी असतात, ती फोडणाऱ्या कामगाराला त्यातून काही कळत नाही. स्फटिकाच्या चकत्या कापताना उडणारी धूळही त्याच्याच नाकात जाते. गॅलियम आर्सेनाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2006 मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं. आर्साइनलाही लसणासारखा वास असतो, पण वास येण्याआधीच अपाय होऊ शकतो. म्हणून चिपच्या कारखान्यांत नाकावर विसंबत नाहीत, वायू ओळखणारी यंत्रं भिंतीवर बसवतात.