आजीच्या खोलीतले नऊ व्होल्ट

इंदूरची डिसेंबरातली थंडी तुम्हाला सांगायला नकोच. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती जाड, त्यामुळे उन्हाळ्यात सुख आणि हिवाळ्यात नुसता गारठा. संध्याकाळ झाली की आईच्या खोलीत हीटर लागतो. त्याची पिन मोठी, खोलीतलं सॉकेट लहान. मग बाजारात मिळतो तो मोठ्या पिनेला लहान करणारा प्लग लावला, एक एक्स्टेंशन जोडलं आणि गेले तीन हिवाळे काम भागवलं.

यंदा एका रात्री आई म्हणाली, "अगं, कसलातरी वास येतोय. प्लास्टिक जळल्यासारखा." मी प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. सॉकेट एका बाजूने तपकिरी पडलं होतं. पलंगाची चादर तिथून वीतभर लांब होती.

हीटर बंद केला. लेक दहावीत आहे, विजेचा धडा नुकताच झालेला. ती म्हणाली, "पण आई, हीटर तर नीट चालत होता!" तिचं बरोबर होतं. म्हणूनच कुणाला संशय आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे नेहमीचे बिजलीवाले भैया आले. मल्टीमीटर आणि वायरीभोवती चिमट्यासारखा धरायचा क्लॅम्प मीटर त्यांच्याकडे होता. दोन मिनिटांसाठी हीटर लावून त्यांनी मापं घेतली. हीटरच्या प्लगपाशी २१५ व्होल्ट, वायरीतून वाहणारा करंट ८.१ अँपिअर. लेकीने वही पुढे ओढली.

सूत्रं दोनच. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये.

२१५ भागिले ८.१ म्हणजे सुमारे २६.५ ओहम. २१५ गुणिले ८.१ म्हणजे सुमारे १,७४० वॅट.

"पण हीटरवर तर २,००० वॅट लिहिलंय," ती म्हणाली. लिहिलेलं खरंच असतं, पण ते २३० व्होल्टसाठी. २,००० भागिले २३० केलं तर ८.७ अँपिअर येतात आणि २३० भागिले ८.७ केलं तर पुन्हा तेच, २६.५ ओहमच्या आसपास. तापलेल्या तारेचा रोध जवळजवळ तेवढाच राहिला. दाब कमी झाला म्हणून करंट कमी आणि दोन्ही घटले म्हणून ऊब कमी. आई रोज "यंदा हीटर तापतच नाही" म्हणायची, आम्ही ते वयावर घालवलं होतं.

मग भैयांनी हीटर चालू असतानाच मेन बोर्डावर मीटर लावला. तिथे २२४ व्होल्ट. मेन बोर्डापासून हीटरच्या प्लगपर्यंत ९ व्होल्ट गायब!

लेकीची पेन्सिल आता आपणहून चालू लागली. ९ भागिले ८.१ म्हणजे १.१ ओहम. "एवढासा रोध? हीटरच्या तुलनेत काहीच नाही." मी म्हटलं, आता शक्ती काढ. ९ गुणिले ८.१, सुमारे ७३ वॅट.

ती थांबली. पूर्वीचा पिवळा बल्ब ६० वॅटचा असायचा आणि त्याला हात लावता येत नसे. त्याहून जास्त उष्णता आमच्या बारीक वायरीत आणि सैल पडलेल्या पिनांमध्ये मुरत होती, तीही आजीच्या उशाशी. पीन सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की जागा तापते, तापली की पितळेची पकड आणखी ढिली होते. हे चक्र आपोआप थांबत नाही. शिवाय त्या सॉकेटवर ६ अँपिअर असं स्पष्ट कोरलेलं होतं. आम्ही त्यातून आठ ओढत होतो.

ज्याच्या नावाने रोध मोजतो तो जॉर्ज ओहम शाळेत शिकवायचा. १८२७ साली त्याने हा नियम पुस्तकात मांडला, तेव्हा त्याच्या देशात त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला १८४१ उजाडलं. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "आपल्याला तरी कुठे तीन वर्षं कळलं?"

भैयांनी मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढली, १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी बसवला. पुन्हा माप घेतलं. फरक फक्त १ व्होल्ट, म्हणजे वाटेत जेमतेम ८ वॅट. ती उष्णताही एका जागी नाही, सगळ्या वायरीभर पसरलेली.

एक विनंती. चालू सॉकेटमध्ये मीटर घालणं जाणकाराचं काम आहे, ते स्वतः करू नका. पण गणित तुम्ही करू शकता. आज घरातल्या गीझर, इस्त्री, हीटरवरचे वॅट वाचा, २३० ने भागा आणि येणारा आकडा सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. एकाच एक्स्टेंशनवर दोन वस्तू असतील तर त्यांची बेरीज करा. आणि वापरात असलेला प्लग गरम लागला, तर तो "असाच तापतो" म्हणून सोडून देऊ नका.

आईला सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे वास मला आला, ते बरंच झालं म्हणायचं."

नव्या सॉकेटजवळ लेकीने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: ८.७. भिंत रंगवताना ते पुसायचं नाही, असं आमचं ठरलंय.