कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू

छायाचित्र काढताना कॅमेरा एक गोष्ट कायमची गमावतो. ती म्हणजे खोली. समोरच्या माणसाचे नाक जवळ आहे आणि कान थोडे दूर आहेत, ही माहिती चित्राच्या सपाट पृष्ठावर उरत नाही; उरतात ते केवळ रंगांचे ठिपके. जपानी कलावंत नोबुयुकी कायाहारा यांनी २००३ मध्ये तयार केलेली फिरत्या नर्तिकेची सावली आमच्या वाचकांपैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते की उलट, यावर घरोघरी वाद झाले. दोन्ही पक्षांचे खरे होते, कारण त्या सावलीत उत्तर नाहीच. कोणता पाय पुढे आणि कोणता मागे, हे पाहणाऱ्याचा मेंदू स्वतःच्या पदरचे घालून ठरवतो.

चित्रावरून माणसाच्या देहाचा त्रिमितीय आकार आणि त्याची हालचाल पुन्हा उभी करायची, हे कॉम्प्युटर व्हिजनमधील संशोधन याच कोड्याभोवती फिरते. ठेंगणा माणूस जवळ उभा असो की उंच माणूस लांब, चित्रात दोघे एकाच मापाचे दिसू शकतात. बसलेल्याच्या मांडीखालचे पाऊल, पाठमोऱ्या माणसाचे पोट, पदराआडचा हात, यांतले काहीच चित्रात नसते. यंत्राला मात्र पूर्ण देह दाखवायचा असतो. मग जे दिसत नाही ते यंत्र आणते कुठून? आमच्या मते या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. सॉफ्टवेअरवर पोट भरणाऱ्या आणि मुलांनाही त्याच वाटेने धाडणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

माणसाचा डोळा या कामात विलक्षण तरबेज आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये एक साधा, पण मूलगामी प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या खांदे, कोपर, मनगट, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर उजळ खुणा लावून त्यांनी असे चित्रण केले की काळोखात केवळ दहा-बारा ठिपके दिसावेत. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्यास त्यांत काहीच कळत नसे. ते हलू लागले की क्षणार्धात तो सांगे, माणूस चालतो आहे. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी दाखवले की नुसत्या ठिपक्यांवरून आपले परिचितही निव्वळ अंदाजापेक्षा अधिक वेळा ओळखता येतात. तिन्हीसांजेला बांधावरून येणारा माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना यात नवल वाटले नसते.

डोळ्याला हे जमते, कारण जन्मापासून त्याने चालणारी माणसे पाहिलेली असतात. यंत्रालाही अशीच शिदोरी द्यावी लागते. आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी शिदोरी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेशी निगडित संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘एसएमपीएल’, उच्चार ‘सिंपल’. हा माणसाच्या देहाचा एक गणिती नमुना आहे. देहाचा पृष्ठभाग ६,८९० बिंदूंच्या जाळ्याने दाखवलेला असतो. त्याला हलवायला २४ ठिकाणी प्रत्येकी ३ असे ७२ आकडे लागतात. त्यांतून अंगस्थिती ठरते, म्हणजे कोणता सांधा किती आणि कोणीकडे वळला आहे ते. बांध्यासाठी मात्र बहुधा अवघे १० आकडे वापरतात. शिंपी जसा बेतलेल्या नमुन्यावरून कापड कापतो आणि मग एखाद्यासाठी कंबरेत घेतो, दुसऱ्यासाठी खांद्यात सोडतो, तसेच हे आहे. आधी एक सरासरी देह, मग त्यावर या १० आकड्यांनी केलेली दुरुस्ती. ढोबळमानाने पहिला आकडा लहान-मोठा ठरवतो, दुसरा कृश-स्थूल. पुढचे आकडे अधिकाधिक बारीक फरक सांभाळतात.

एखादे छायाचित्र समोर आले की यंत्र त्यातील सांध्यांच्या जागा शोधते आणि हे आकडे असे फिरवत राहते की नमुन्याचे सांधे चित्रातल्या सांध्यांवर येऊन बसावेत. अडचण अशी की एकाच चित्रावर अनेक देह चपखल बसतात, त्या नर्तिकेसारखेच. म्हणून यंत्राला दुसरी अट घालतात: उभा राहिलेला देह माणसे सहसा घेतात अशा स्थितीत असावा, आणि त्याचा बांधा सरासरीपासून फार दूर जाऊ नये. शास्त्रीय भाषेत याला ‘प्रायर’ म्हणतात. मराठीत ‘पूर्वानुमान’ म्हणता येईल. ‘पूर्वग्रह’ म्हटले तरी आम्ही हरकत घेणार नाही. अंगस्थितीचे पूर्वानुमान येते ते अंगावर खुणा लावून नोंदवलेल्या हालचालींच्या संग्रहांतून. २०१९ च्या ‘अमास’ या संग्रहाने असे अनेक जुने संग्रह एकत्र आणले. त्यात ३०० हून अधिक व्यक्तींच्या ११,००० हून अधिक हालचाली, एकूण ४० तासांहून अधिक, आहेत.

आणि बांध्याचे पूर्वानुमान? त्या १० आकड्यांचा जन्म ‘सीझर’ नावाच्या सर्वेक्षणात आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी हवाई दलाच्या पुढाकाराने उत्तर अमेरिका, नेदरलँड्स आणि इटली येथील काही हजार नागरिकांचे देह लेझरने मोजले गेले. वय १८ ते ६५. प्रत्येकाची तीन मोजणी-चित्रे: एक उभ्याने, दोन आसनावर बसून. एसएमपीएलचा बांधा शिकवताना यांतील सुमारे १,७०० पुरुषांची आणि २,१०० स्त्रियांची मापे वापरली गेली. सांधा वळला की स्नायू-त्वचा कशी फुगते वा दुमडते, हे शिकवायला वेगळी मोजणी झाली. ती २० स्त्रिया आणि २० पुरुषांची. हे काम अत्यंत काटेकोर आहे आणि संशोधकांनी आपली सामग्री कुठून आली ते स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु विदर्भातल्या शेतमजूर बाईचे चित्र या नमुन्यापुढे आले, तर तिच्या लुगड्याआड जे दिसत नाही ते कुणाच्या मापाने भरले जाते, हे वाचकांनी ताडून पाहावे. हा नमुना मुळात अंगाला चिकटलेल्या अपुऱ्या कपड्यांतील देहाचा आहे. निऱ्या, पदर, धोतर त्याला ठाऊक नाही.

मापात नसलेल्या देहाचे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तान्ह्या बाळांचे आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळ उताणे पडून हातपाय हलवते. त्या आपसूक हालचालींच्या घडणीवरून पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका आहे का, हे जाणकार वैद्य ओळखू शकतात. ऑस्ट्रियन वैद्य हाइन्झ प्रेश्टल यांनी ही पद्धत रूढ केली. साधारण ३ ते ५ महिन्यांच्या निरोगी बाळात सर्वांगी बारीक चुळबुळ दिसते. ती नसणे हे गंभीर लक्षण मानतात. असे जाणकार सर्वत्र नसतात, म्हणून हे निरीक्षण यंत्राने करावे असा प्रयत्न झाला. तेव्हा प्रौढांचा नमुना लहान करून चालेना. बाळ म्हणजे छोटा केलेला मोठा माणूस नव्हे. त्याचे डोके देहाच्या मानाने मोठे, पाय आखूड. शिवाय लेझर यंत्रापुढे ते स्थिर उभे कसे राहणार? अखेर खोलीही नोंदवणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्याने बाळांचे पडल्या पडल्या चित्रण करून, त्याच अपुऱ्या, गोंगाटभरल्या सामग्रीतून बाळांचा स्वतंत्र नमुना शिकला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नमुन्याचे नाव ‘स्मिल’. उत्तम दर्जाची मापे मिळेपर्यंत कुणी थांबून राहिले नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आता जमिनीवर बसण्याकडे येऊ. या क्षेत्रात पद्धतींची तुलना करण्यासाठी ‘ह्यूमन ३.६ एम’ हा संग्रह वर्षानुवर्षे वापरला जातो. नावाप्रमाणे त्यात ३६ लाख अंगस्थिती आहेत. त्या देणारे नट मात्र ११. त्यांच्या कृती अशा: चर्चा करणे, फोनवर बोलणे, खुर्चीवर बसणे, सिगारेट ओढणे, कुत्रा फिरवणे. एक कृती खाली बसण्याची आहे, आणि बहुतेक शोधनिबंधांच्या तक्त्यांत सर्वांत मोठी चूक तिच्याच रकान्यात सापडते. कारण उघड आहे. मांडी घातली की एक पाऊल दुसऱ्या मांडीखाली जाते, उकिडवे बसले की गुडघे पोटाला झाकतात, आणि शिदोरीत अशी उदाहरणे थोडी. आपल्या विहारातील रविवारच्या वंदनेचे चित्रण अशा यंत्रापुढे ठेवले तर पंचांग प्रणाम करणाऱ्यांचे गुडघे कुठे आहेत, हे ते किती भरवशाने सांगेल, अशी शंका येते.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओपनकॅप’ या प्रणालीत दोन आयफोन तिपाईवर ठेवून सांध्यांची हालचाल आणि त्यांवर येणारा भार यांचा अंदाज बांधता येतो. पूर्वी यासाठी महागडी प्रयोगशाळा लागे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात अशा साधनाचा मोठा उपयोग होईल. ते तपासताना चालणे, खुर्चीवरून उठणे, उठाबशा आणि उंचीवरून उडी यांचा विचार झाला. आपल्याकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-आजींची तक्रार मात्र खुर्चीवरून उठण्याची क्वचितच असते; ती जमिनीवरून उठण्याची असते.

उपाय शोधले जात नाहीत असे नाही. २०२३ मध्येच ट्यूबिंगेनच्या गटाने दाबमापक चटईवर योगासने करवून ‘मोयो’ हा संग्रह तयार केला आणि देहाचा भार जिथे टेकतो ती जागा लक्षात घेऊन अंदाज सुधारला. माणूस अधांतरी नसतो, कशावर तरी टेकलेला असतो, ही साधी गोष्ट गणितात आणल्याने फरक पडला. योगासनांची नोंद झाली याचा आनंदच आहे. विळीवर बसून भाजी चिरणे, वाकून भात लावणे, उसाची मोळी डोक्यावर उचलणे या स्थिती मात्र नेहमीच्या वापरातील संग्रहांत आमच्या पाहण्यात आल्या नाहीत. भारतात निफ्टने हाती घेतलेल्या ‘इंडियासाइज’ या सर्वेक्षणाचे उद्दिष्ट १५ ते ६५ वयोगटातील २५,००० व्यक्तींचे देह मोजण्याचे आहे. ते तयार कपड्यांच्या मापांसाठी आहे आणि सहा शहरांत आहे.

देह मोजण्याचा विषय निघाला की आपल्या समाजात थोडी अस्वस्थता येते, आणि ती साधार आहे. हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये बंगालच्या जाती-जमातींवरील ग्रंथात नाकाची रुंदी आणि उंची यांचे गुणोत्तर काढून त्याचा संबंध थेट सामाजिक दर्जाशी जोडला. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात या मापनशास्त्राकडे पाठ फिरवली नाही. डॉ. घुर्ये यांच्या ग्रंथातील नाकांची मापे समोर ठेवून त्यांनी एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची तुलना केली आणि दाखवले की मापांचा आधार घ्यायचाच तर दोघे एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे वंशभेदातून अस्पृश्यता आली हा सिद्धांत त्याच्याच पुराव्याने कोसळतो. माप कुणाचे घेतले, कुणाशी ताडले आणि त्यावरून कोणता निष्कर्ष ओढला, हे तीन प्रश्न त्यांनी वेगवेगळे ठेवले. यंत्राची अचूकता सांगणारा एखादा आकडा वाचताना हेच तीन प्रश्न विचारता येतात: कोणत्या माणसांवर, कोणत्या कृतींवर, आणि कोणत्या कामासाठी?

तिसरा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, कारण चाल ही ओळखही आहे. कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी ठिपक्यांत जे पाहिले त्याचा सुरक्षा यंत्रणांनी पुढे उपयोग करून पाहिला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ने २००० साली माणूस दुरून ओळखण्याचा जो प्रकल्प सुरू केला त्यात चालीचाही समावेश होता. चेहरा झाकता येतो. चाल बदलणे अवघड. येथील कायदे याबाबत एकसारखे नाहीत. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या ग्राहक-गोपनीयता कायद्यात जैविक माहितीची जी व्याख्या आहे तिच्यात चालीची धाटणी स्पष्ट नमूद आहे, आणि २०२३ पासून तो कायदा मोठ्या कंपन्यांतील नोकरदारांच्या माहितीलाही लागू आहे; आपली कोणती माहिती गोळा केली, हे त्यांना मालकाकडे मागता येते. इलिनॉयचा २००८ चा कायदा कडक म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या यादीत डोळ्यांचे पटल, बोटांचे ठसे, आवाज, हाताची व चेहऱ्याची ठेवण एवढेच आहे. शिकागोच्या परिसरात गोदामांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी, कॅमेऱ्यांच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी, त्यात ‘गेट’, ‘पोश्चर’ किंवा ‘मूव्हमेंट’ यांपैकी एखादा शब्द आहे का ते पाहावे आणि असल्यास ती नोंद किती दिवस ठेवली जाणार, हे लेखी विचारावे.