दरवर्षी माणसं बदलणारी कंपनी

अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत सारा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती, आणि शिक्षण संपलं की ते निघून जाणार. अशी कंपनी किती दिवस टिकेल? पॅरिसच्या एसेक या व्यवस्थापन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९६७ साली ती काढली आणि अर्धशतक उलटल्यावरही ती कामं घेते आहे. वर्गात शिकलेलं खऱ्या व्यवहारात वापरून पाहायचं, या ओढीतून जगातली ही पहिली ‘ज्युनियर एंटरप्राइज’ उभी राहिली. दोनच वर्षांत, १९६९मध्ये, फ्रान्समधल्या अशा संस्थांचा राष्ट्रीय महासंघही झाला.

कामाची रीत मुळातून पाहण्यासारखी आहे. एखाद्या लहान उद्योजकाला नवा माल बाजारात आणायचा असतो. बड्या सल्लागारांची फी त्याला परवडत नाही. तो या मुलांकडे येतो. मुलं त्याची गरज समजून घेतात, आराखडा आणि दरपत्रक देतात, करारावर सह्या होतात. मग बाजारपाहणी, हिशेब, अहवाल. अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील तर यंत्राची रेखाचित्रं किंवा सॉफ्टवेअर. परीक्षेत उत्तर चुकलं तर आपले गुण जातात. इथे अंदाज चुकला तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. विसाव्या वर्षी ही जबाबदारी पेलायला मिळणं, हेच मला या शिक्षणाचं खरं मोल वाटतं. कारखान्यात चार आठवडे नुसतं निरीक्षण करून ती जबाबदारी पेलायला येत नाही.

टिकण्याचं गमक आहे हस्तांतरणात. जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला सोबत बसवून ग्राहक, करार, हिशेबाच्या वह्या समजावून देते. शिवाय फ्रान्समध्ये महासंघ या संस्थांचं लेखापरीक्षण करतो, त्यामुळे ढिलाई फार काळ लपत नाही.

१९८८मध्ये ही कल्पना ब्राझीलला पोचली. साओ पाउलोच्या जेतुलियो वार्गास प्रतिष्ठानात पहिली संस्था निघाली आणि पुढे तिथली चळवळ फ्रान्सपेक्षाही मोठी झाली. २००३मध्ये तिथे राष्ट्रीय महासंघ झाला. २०१६मध्ये तर ब्राझीलने या संस्थांसाठी स्वतंत्र कायदाच केला. सभासद स्वयंसेवक असावेत, मिळकत वाटून न घेता शिक्षणाच्याच कामी लावावी, पक्षीय राजकारणाचा प्रचार करू नये, असे त्याचे दंडक आहेत. त्याबरोबर एक मोलाची मोकळीकही दिली आहे: मार्गदर्शक प्राध्यापक किंवा पात्र व्यावसायिक देखरेखीला असेल, तर त्या व्यवसायाच्या नियामक परिषदेची परवानगी न घेताही विद्यार्थ्यांना फी आकारता येते.